तो रंग माझ्या हातचा नव्हता

आधीच सांगते, मी भित्री बाई नाही आणि भाबडी तर मुळीच नाही. आमच्या परभणी जिल्ह्यात त्या काळी भानामतीचं नाव निघालं की चांगली शिकलेली माणसंसुद्धा आवाज खाली आणायची. कुणाच्या धुतलेल्या कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, कुणाच्या ताटात खडे पडतात... मी म्हणायची, फुल्या उमटवणारं माणूस घरातच बसलेलं असतं, आधी त्याचे हात बघा. माझे वडील परभणीला ड्रॉइंग मास्तर होते. डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर काढायचं, ही त्यांची शिकवण. या सदरातले तुमचे अनुभव मी नियमित वाचते आणि निम्म्यांवर मनात हसते, हेही कबूल करते. आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट सेलूची. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हाचा हिवाळा. मी चोवीस वर्षांची. स्टेशनवरून बाजाराकडे येताना डाव्या हाताला, कापसाच्या दोन अडतींच्या मध्ये आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. दारावरच्या पाटीवर वर उर्दूत आणि खाली मराठीत यांचं नाव — गोविंदराव, फोटोग्राफर. निजाम गेला तरी पाटी तीच होती.

हे फोटो काढायचे आणि मी ते रंगवायची. आता रंगीत फोटो कुणालाही निघतो, तेव्हा काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग चढवावा लागे. रंगाच्या पानांची एक पुस्तिका यायची. पान म्हणजे रंगात बुडवून वाळवलेला कागद. त्याचा तुकडा कापून बशीतल्या पाण्यात टाकायचा, पाणी रंगीत होतं, मग बारीक ब्रशने ते फोटोवर चढवायचं. फोटो आधी ओल्या कापसाने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर कोरड्या कागदावर रंगाचे डाग धरतात. हे सगळं मी लग्नानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून स्वतःचं स्वतः शिकले.

आमच्या गिऱ्हाइकांची एक गंमत होती. येताना अंगावर असेल ते नेसून यायचे, आणि रंग मात्र मनातले सांगायचे. बाई आलेली असायची विटक्या जुनेरात. जाताना सांगून जायची — लुगडं मोरपंखी, काठ लाल, चोळी जांभळी. हे ते सगळं पाकिटावर लिहून घ्यायचे आणि पाकीट माझ्याकडे मागे यायचं. जी लुगडी त्या बायांना जन्मात मिळाली नाहीत ती मी त्यांना नेसवली. पाथरीपासून जिंतूरपर्यंत किती घरांच्या भिंतींवर माझे रंग टांगलेले होते, मलाच ठाऊक नाही. आणि त्या घरांत नाव कुणाचं? "गोविंदरावांचा हात म्हंजे काय सांगावं!" हे माझ्या देखत म्हटलं जायचं, मी चहाचा कप पुढे करत असताना. आणि हे मान खाली घालून हसायचे.

मला आपल्या नवऱ्याचा हेवा वाटायचा. सवतीचा, जावेचा, शेजारणीचा हेवा लोक समजून घेतात. नवऱ्याचा हेवा करणाऱ्या बाईला काय म्हणायचं? माणूस वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. पण हे शांत, कुणाला न दुखावणारे, पानात पडेल ते जेवणारे. त्यांना आपण काही घेतोय हेच कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या हिवाळ्यात मनोहर आला. गावातल्या एका कापूस-जिनिंगवाल्याचा तो पुतण्या. मुंबईला सिनेमाच्या कुठल्याशा स्टुडिओत कॅमेरामनच्या हाताखाली चार वर्षं राबला होता. काकांकडून सिनेमाचा एक कॅमेरा घेववून आणला आणि म्हणाला, मी डॉक्युमेंटरी काढणार. छोटी, दहा-बारा मिनिटांची, खऱ्या माणसावरची. त्याला खरा माणूस सापडला तो आमच्या घरात — अर्थातच पुढच्या खोलीत बसणारा.

आठ-दहा दिवस शूटिंग चाललं. येलदरीला तेव्हा धरणाचं काम जोरात होतं. तिथल्या मजुरांचे फोटो काढताना यांना घेतलं. पाथरीच्या बाजारात, डोक्यावर काळं फडकं घेऊन कॅमेऱ्यात बघताना घेतलं. शेवटचा प्रसंग मात्र स्टुडिओतला होता. भागाबाई नावाची एक धनगराची म्हातारी बोलावली होती, गावाबाहेर तिचा मेंढरांचा वाडा असायचा. तिला आपल्या कोकरासोबत तसबीर काढायची होती. हे फोटो काढतात, मग तो रंगवतात आणि म्हातारीच्या हातात देतात, असा मनोहरने बेत केलेला.

मनोहर यांना म्हणाला, "दादा, रंग पण तुमीच देता ना?"

मी दाराच्या पडद्याआड उभी होते.

"हो, म्हंजे... घरातच होतं सगळं," हे म्हणाले.

घरातच होतं! पोळ्या होतात, धुणं होतं, तसं रंगकामही आपलं घरातच होतं.

मग माझीच बशी, माझाच ब्रश पुढे नेला गेला. यांनी ब्रश झाडूसारखा मुठीत धरला आणि कोरड्या फोटोवर टेकवला. डाग पडला. मी दारातून बघत होते, माझे हात शिवशिवत होते. भागाबाई तेवढ्यात कोकराला सावरत म्हणाली, "कामून असं करायलास रे बाबा? भिजव की आधी. बाई तर भिजवत असती." तिचा मुलीच्या लग्नातला फोटो मी तिच्यासमोर रंगवला होता. त्या कॅमेऱ्याला आवाज घेता येत नव्हता, म्हणून तेही वाया गेलं.

मी न राहवून दोन पावलं पुढे झाले. मनोहर कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडायलीय."

मी बाजूला झाले. त्या दिवशी वरणात मी मीठ घातलं नाही. हे तसंच जेवले.

फिल्म मुंबईच्या लॅबमध्ये धुऊन आली. मनोहर मोठ्या कौतुकाने सांगायचा, लॅबमध्ये एकेक तुकडा बघून उजेड कमी-जास्त करतात, म्हणजे सगळी फिल्म एका सुरात दिसते, त्याला ग्रेडिंग म्हणतात. रंगीत फिल्म त्याला परवडण्यातली नव्हती. पण त्याच्या डोक्यात एक खूळ आलं होतं. पूर्ण फिल्म काळी-पांढरी, आणि शेवटचं अर्धं मिनिट, फोटोला रंग चढतो तिथपासून, रंगीत! कसं? तर हाताने रंगवून. एकेक फ्रेम.

हे मागे स्वयंपाकघरात आले. "तेवढं करशील का गं? मनोहर म्हनायलाय, रंगाचं ग्रेडिंग तुमच्याच घरी करू."

"किती आहे?"

"सातशे वीस फ्रेमा."

एक फ्रेम म्हणजे करंगळीच्या नखाएवढं एक चित्र. तशा सातशे वीस, ओळीने, अठरा फुटांच्या एका पट्टीवर. मी म्हटलं, करते. हे खूश झाले आणि पुढे गेले.

मी "करते" म्हटलं तेव्हाच माझं ठरलं होतं. म्हातारीला रंगवायचं, कोकराला, मागच्या पडद्याला, फोटोला, अगदी बशीतल्या पाण्यालासुद्धा. यांना नाही. यांचा चेहरा, हात, सदरा — सगळं करडं ठेवायचं. साऱ्या जगाला रंग आणि रंगारी तेवढा राखेचा. बघणाऱ्यांना वाटेल विसरलं, किंवा वाटेल मुद्दाम केलं. पण कुणीतरी विचारेल ना, की गोविंदराव, तुम्ही का असे? मग यांना सांगावंच लागेल की रंग मी देत नाही. विचारलंच कुणी मला, तर कातडीच्या रंगाचं पान संपलं म्हणून सांगणार होते. ते पान पुस्तिकेत अख्खं होतं.

अठरा-एकोणीस दिवस लागले. घड्याळजीकडून भिंग आणलं होतं. उजेड असेल तेवढा वेळ खिडकीत बसायची, रंगवलेला भाग खोलीत दोरीवर वाळत टाकायची. मान मोडून यायची. पण खोटं कशाला बोलू, काम सुंदर होत होतं. भागाबाईच्या लुगड्याचा हिरवा मी असा धरला की हिरवाच बघत राहावं. आणि प्रत्येक फ्रेममध्ये तिच्या शेजारी तो राखेचा माणूस... प्रत्येक फ्रेमला मला बरं वाटायचं. सातशे वीस वेळा बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी मी सगळी पट्टी भिंगाखालून परत एकदा काढली. कुठे रंग सांडलाय का, यांच्या अंगावर चुकून हिरवा-निळा उडालाय का. नव्हता. पट्टी गुंडाळून पत्र्याच्या डबीत घातली, डबी पेटीत ठेवली, किल्ली कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर पेटी उघडून डबी यांच्या हातात दिली. हे ती घेऊन पुढे गेले. मी लुगडं बदलून शेजारच्या बायकांबरोबर मागून गेले.

फिल्म दाखवायची होती जिनिंगच्या गोदामात. कापसाच्या गाठी आदल्याच आठवड्यात रेल्वेने गेल्या होत्या, गोदाम रिकामं होतं. झरोक्यांना पोती लावून भरदुपारी अंधार केला होता. भिंतीवर धोतर ताणून बसवलेलं, बाहेर इंजिन धडधडत होतं, त्याच्या विजेवर प्रोजेक्टर. अडते होते, शाळेचे मास्तर होते, जिनिंगच्या कामगार बाया होत्या, आणि भागाबाई तिच्या सुनांसकट पुढे येऊन बसली होती. मनोहरने माझी पट्टी फिल्मच्या शेवटाला जोडली. त्याला दहाएक मिनिटं लागली असतील. मग दारं लावली.

काळा-पांढरा भाग सुरू झाला. येलदरीचे मजूर, पाथरीचा बाजार, आणि सगळीकडे हे. फडक्याखालून निघणारे हे, फोटोची काचेची प्लेट उजेडात धरून बघणारे हे. एका ठिकाणी लॅबवाल्यांनी यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड ठेवला होता की बायका आपसांत कुजबुजल्या. मला ऐकवेना. मी ओठ चावून शेवटाची वाट बघत होते.

शेवट आला. स्टुडिओ दिसला, यांनी ब्रश टेकवला आणि रंग सुरू झाला.

गोदामात एकदम "अगं बाई!" झालं. हिरवं लुगडं, कोकराच्या गळ्यातली तांबडी दोरी, निळा पडदा — सगळं मी केलेलं. आणि मधोमध हे.

हे करडे नव्हते.

मला आधी वाटलं, माझे डोळे पाणावलेत. पुसले. तरी तेच. यांचा चेहरा रंगीत होता. नुसता रंगवलेला नाही... त्याला काय म्हणू? मी फोटोंत गालांना गुलाबी द्यायची, ओठांना जरा लाल, झालं. हा तसला रंग नव्हता. कपाळ वेगळं, गालफाडं उन्हात रापलेली, दाढी केलेली हनुवटी किंचित निळसर. उजव्या हाताच्या नखांवर फोटो धुण्याच्या औषधाचे तपकिरी डाग होते, तेसुद्धा त्या रंगात होते. सदऱ्याचा पांढरा उजेडाकडे पिवळट, सावलीकडे जांभळट. यांच्यामागे खिडकी होती. आणि कान... यांच्या डाव्या कानाच्या पाळीतून मागचा उजेड आरपार आला होता आणि पाळी आतून लालसर पेटलेली दिसत होती.

मी या माणसाशेजारी सहा वर्षं झोपत होते. कान उजेडात असा होतो हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढून भागाबाईचा आवाज आला. "अगं बघा गं, दादाचा कान! सकाळच्या उन्हात कोकराचा दिसतो ना, आक्षी तस्सा!"

सगळे हसले, आणि मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि गोदामभर टाळ्या झाल्या. दिवा लागला तेव्हा मनोहर उठून उभा राहिला. म्हणाला, "ह्यो रंग दादांचा न्हाई. हा सगळा रंग वहिनींनी दिलाय. मी शूटिंगमदे त्यांना बाजूला व्हा म्हनालो, माझं चुकलं." लोक माना वळवून बायकांच्या बाजूला बघायला लागले. मास्तरांनी हात जोडले. शेजारणीने माझं मनगट दाबलं.

सहा वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकत होते ते मला चार मिनिटांत मिळालं, आणि ते माझ्या कामासाठी नव्हतं. माझ्या हिरव्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मी उठून म्हणू शकले असते की तो माणूस मी रंगवलेला नाही. नाही म्हटलं. मी मान खाली घातली आणि हसले. हे हसायचे, अगदी तशी.

घरी आल्यावर हे दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "इतकं बघतीस व्हय माझ्याकडं?"

"चहा ठेवते," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी यांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. मराठीतल्या नावाखाली नवी ओळ आली — रंगकाम, आणि पुढे माझं नाव. यापुढे जो कोणी फोटोची तारीफ करी त्याला हे थांबवून सांगत, "फोटो माझा, रंग हिचे." गिऱ्हाईक मला बाहेर बोलवायला लागलं. जिनिंगवाल्यांच्या सुनेने तर माझ्यासमोर बसून फोटो रंगवून घेतला. मला काय पाहिजे होतं? हेच ना? हेच होतं.

पण मी तिसऱ्या दिवशीच एका जागी रंग सुटलाय का बघायचंय, अशी थाप मारून मनोहरकडून ती पट्टी घरी आणली होती. भिंगाखाली घातली. रंग होता. पहिल्या फ्रेमपासून सातशे विसाव्यापर्यंत, कान, नखं, हनुवटी. ब्रशची एक रेघ दिसेना. माझ्या रंगाला कडेला जरा गडद किनार येते, सगळ्यांच्याच येते, पाणी तिथे वाळतं म्हणून. त्याला किनार नव्हती. पुस्तिका काढली. कातडीच्या रंगाचं पान अख्खं होतं. पानांत तीन लाल होते. तिन्ही कालवून, पातळ करून, एकमेकांत मिसळून बघितले. कानाचा लाल जमला नाही.

मग मी हिशेब मांडायला बसले की कुणी केलं असेल. मला तेवढं करायला एकोणीस दिवस लागले होते. मी पट्टी तपासून पेटीत ठेवली ती दुपारी, आणि चोवीस तासांत ती पडद्यावर होती. मधल्या वेळात पेटी कुलपात आणि किल्ली माझ्या कमरेला. सेलूत दुसरं रंगवणारं कुणी नव्हतं. परभणीला एकजण होता, तो माझ्यापेक्षा वाईट रंगवायचा. शेजारणीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती भानामती, आणि मांत्रिकाचा पत्ता दिला असता. पण भानामती फुल्या उमटवते म्हणतात. इतकं सुंदर काम करणारी भानामती मी तरी ऐकलेली नाही.

भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटली. हेवा वाटला. आणि दोन्हीकडून वाटला. रंगवणारी म्हणून वाटला, की असा हात मला का नाही. आणि बायको म्हणूनही वाटला. कुणीतरी यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त निरखून पाहिलं होतं! नखांवरचे डाग मोजून, कानामागचा उजेड बघून! कोण ती? मला "ती"च वाटायचं. कित्येक महिने मी स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक बाईवर डोळा ठेवला. एका मास्तरणीला तर मी उगाच इतकं तोडून बोलले की तिने पुन्हा फोटोच काढला नाही. आणि हे बिचारे समोर बसून प्लेटी पुसत असायचे, उजेड मागे असला की कान लाल व्हायचा... आता मला सारखा तो दिसायचा. दाखवून दिला होता ना कुणीतरी.

त्यानंतर मी यांचे किती फोटो रंगवले म्हणून सांगू. यांना खिडकीसमोर बसवायची, मान अशी धरा, तशी धरा. यांना वाटायचं हौस आहे. मी त्या हाताला गाठायला बघत होते. जवळ जायची, पण गाठलं कधीच नाही.

मनोहरची फिल्म मुंबईला दोन-चार ठिकाणी दाखवली गेली आणि मग त्याच्या घरी माळ्यावर पडून आतल्या आत चिकटून खराब झाली. पट्टी परत करताना मी टोकाच्या दोन फ्रेमा कात्रीने कापून ठेवल्या होत्या, चोरी म्हणा हवं तर. त्या अजून माझ्याकडे आहेत. माझा हिरवा केव्हाच उडाला, तिथे आता मळकट पिवळं राहिलंय. निळाही गेला. यांचा चेहरा होता तसाच आहे.

इथवरचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पुढचं झालं नसतं तर आताही लिहिलं नसतं.

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटी दोन-तीन महिने अंथरुणावर होते, डोकं मात्र स्वच्छ. एका दुपारी मी औषध दिलं, उशी सरळ केली, आणि हे एकदम म्हणाले, "ती पट्टी गोदामात मीच नेली होती. आठवतंय?"

मला कुठली पट्टी विचारायची गरज नव्हती. "हो," म्हटलं.

"आत जायच्या आधी गोदामाच्या दारात मी डबी उघडली. उन्हात धरून बघितली पट्टी. मला बघायचं होतं, तू मला कसं रंगवलंस."

मी औषधाच्या बाटलीला बूच लावलं.

"करडा होतो मी. इकडून तिकडपर्यंत सगळी उलगडून बघितली. कुठंच रंग न्हवता." यांना बोलताना श्वास लागायचा. "लय वाईट वाटलं. मग म्हनलं, बरोबर हाय तिचं. सहा वर्षं मी तरी काय केलं?"

"आणि मग?"

"मग काय. गुंडाळून मनोहरच्या हातात दिली, अन् त्यो जोडायला लागला तर त्याच्यापाशीच उभा राहिलो. तिथून हाललो न्हाई. अन् मग पडद्यावर बघितलं... तू बघितलंस तेच."

म्हणजे पेटी, कुलूप, किल्ली, चोवीस तास — माझे सगळे हिशेब तिथेच संपले. गोदामाच्या दारापासून पडद्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, आणि तेवढा वेळ पट्टी यांच्या डोळ्यांसमोर होती.

मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं? मग घरी येऊन 'इतकं बघतीस व्हय' कशाला म्हणालात मला?"

"वाटलं, खरं सांगशील."

"आणि नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पाटीवर नाव?"

हे हसले, तेच मान खाली घालून हसायचं, पण उशीवर मान खाली जाईना. "तू लय खूश दिसत होतीस गं. म्हनलं, राहू दे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी हे गेले.

तो रंग कुणी दिला, मला माहीत नाही. यांनाही नव्हतं माहीत. मी विचारलं तेव्हा हात हलवून नाही म्हणाले. वाचकांपैकी कुणाला फिल्मच्या रसायनांचं ज्ञान असेल आणि आपोआप असं होऊ शकतं म्हणून सांगाल, तर मी ऐकून घेईन, पण नखांवरचे डाग रसायनाला कसे दिसले तेही सांगा. ज्याने कुणी केलं त्याचा मी आजवर हेवा केला आणि मरेपर्यंत करीन. पण त्या दुपारपासून माझ्या जिवाला दुसराच चटका लागला आहे. मी यांना रंग दिला नाही हे समजूनही या माणसाने माझं नाव पाटीवर घातलं, आणि जन्मभर एक शब्द काढला नाही. मी एवढा काळ यांच्या नावाचा हेवा करत बसले होते, आणि खरा हेवा करण्यासारखं जे होतं ते मला यांच्या अखेरच्या दिवसांत कळलं.